सरकत्या वस्तीतला रिकामा डबा

आमच्या वसाहतीत रविवारी सकाळी दूध केंद्र जागेवर सापडत नाही. ते दहा-बारा फूट पुढं गेलेलं असतं. भाजीचा गाळा, पेपरचा स्टँड, रिक्षाथांबा, देवळाबाहेरचा फुलांचा गाडा, सगळं आठवड्याला एकदा थोडं थोडं सरकतं. फक्त मारुती जागेवर आहे, कारण त्याला चाकं लावायला वसाहतीनं एकमुखानं नकार दिला. "आज दूध कुठल्या गावाला गेलंय?" असं एकमेकांना विचारलं की आमचा रविवार सुरू होतो.

हे सगळं सरकवणाऱ्यांपैकी मी एक आहे. नाव वैजयंती आवटी. शिक्षण नगररचनेचं, नोकरी प्रकल्पाच्या अभियंत्याची, आणि घर याच वसाहतीत, त्यामुळे शिव्या घरपोच मिळतात. कृष्णेच्या पुरानं आमची जुनी गल्ली सात वर्षांत चार वेळा धुऊन काढली. मग सरकारनं अख्खी गल्ली उचलून वर माळावर आणून बसवली आणि बसवता बसवता हा प्रयोगही आमच्या गळ्यात बांधला. घरं चिठ्ठ्या टाकून मिळाली. ज्यांच्या भिंतीला भिंत होती ते दोन टोकांना गेले, आणि ज्यांची तोंडं बघायची नव्हती ते शेजारी आले.

प्रयोग साधा आहे. चालायचं म्हणून कुणी चालत नाही. डॉक्टर सांगतात म्हणून माणूस आठ दिवस चालतो, नव्या बुटांमुळे आणखी चार. रोज चालतो तो कशाकडं तरी जायला. आम्ही पदपथाच्या फरश्यांखाली एक पातळ पापुद्रा अंथरलाय. पाय पडला की दाबानं त्यात चिमूटभर वीज तयार होते. टाच कधी टेकली, चवडा कधी उचलला, कुठला पाय जड पडला, हे त्या विजेवरून कळतं. कॅमेरा लागत नाही. चाल सहीसारखी असते, दोघांची एक नसते. नावं आरोग्य अधिकाऱ्याकडं बंद पाकिटात. आमच्याकडं फक्त क्रमांक, आणि घरच्या माणसाचा क्रमांक तेवढा घरच्यांना माहीत.

या चालींवरून यंत्र हिशोब करतं की कोण कशाकडं जातो, आणि ती गोष्ट किती लांब नेली तरी तो जात राहील. याला आम्ही 'ओढ' म्हणतो. शून्य ते शंभर. मग प्रत्येकाच्या ओढीची वस्तू यंत्र हळूहळू लांब नेतं, इतकी हळू की पायांना कळतं पण डोक्याला नाही. वर्षभरात वसाहतीतल्या सरासरी माणसाची पावलं दुप्पट झाली आणि निम्म्या लोकांची साखर उतरली. एका निवृत्त मास्तरांची भजीच्या गाड्याकडची ओढ सत्त्याऐंशी निघाली. तो आकडा घरी कळू नये म्हणून त्यांनी मला दोनदा चहा पाजलाय. गाडा आता त्यांच्या घरापासून पाऊण किलोमीटरवर आहे, आणि मास्तरांचं वजन तरीही उतरलं.

सगळी वसाहत चालायला लागली. फक्त माझी आई सोडून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आई जूनमध्ये न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर सरोदे मला बाजूला घेऊन म्हणाले की हाडाची काळजी नको, ते जुळतंय, काळजी मांसाची. म्हातारं माणूस दहा दिवस पडून राहिलं तर पायातलं जेवढं मांस जातं, तेवढं परत यायला महिने लागतात. पुढं एक वेळ अशी येते की ते परत येतच नाही. दिवाळीपर्यंत चालायला लागल्या तर चालतील, म्हणाले. नाही तर अंथरूण.

आई सत्तर वर्षांची, रत्नाबाई नावाची आणि तशीच टणक. दुखण्याला ती भीत नव्हती. व्यायाम करणाऱ्या बाई यायच्या, त्यांच्यासमोर ती घड्याळ लावून पाय उचलायची आणि त्या गेल्या की पलंगावर आडवी व्हायची. मी चिडले, रडले, लाडीगोडी लावली. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "चालाय येतंय गं मला. जायचं कुठं, तेवढं सांग."

याचं उत्तर मी यंत्राला विचारलं. आम्ही घरांच्या गॅलरीतही त्याच फरश्या घातल्यात, त्यामुळे आईची घरातली ये-जा यंत्राला कळत होती. मी फुलांचा गाडा आमच्या फाटकासमोर आणला. भजनाची जागा हलवली. तिला आवडते म्हणून उसाच्या रसाची गाडी आठवडाभर कोपऱ्यावर घुंगरू वाजवत ठेवली, त्याबद्दल नेर्लेकर साहेबांची, म्हणजे प्रकल्पप्रमुखांची, बोलणी खाल्ली. पालथ्या घड्यावर पाणी. दर रविवारी अहवालात तीच ओळ यायची. क्रमांक ३०७. ओढ शून्य.

शून्य हा आकडा मी कामावर रोज बघते. आईच्या नावापुढं बघितला तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उगीच भांडी लावत बसले.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या ओळीखाली पहिल्यांदाच आणखी एक ओळ आली. "अपवाद. रोज सकाळी ७.१० ते ७.१५, गॅलरीत, वजन टाचांवरून चवड्यांवर. संबंधित: क्रमांक ११२."

मी रोज साडेसहालाच फेरीला बाहेर पडते, त्यामुळे सातनंतर आई काय करते ते मला माहीत नव्हतं. सोमवारी डोकं दुखतंय म्हणून मी आतल्या खोलीत पडून राहिले. सातला आई वॉकर धरून उठली, तीन पावलं टाकून गॅलरीत गेली आणि तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं गजाला धरून उभी राहिली. तुळशीत पाणी घालून झालं होतं. मी स्वतःच घातलं होतं.

मग गल्लीतून एक म्हातारी आली. हातात दुधाची किटली, डावा पाय किंचित ओढत. आमच्या फाटकाजवळ तिची चाल मंदावली. तिनं मान वळवली नाही. आईनंही तिच्याकडं बघितलं नाही, ती तुळशीकडंच बघत होती, पण तिच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. म्हातारी कोपऱ्यावरून वळली तशा टाचा खाली आल्या आणि आई परत पलंगाकडं गेली.

पाकीट फोडायची गरज नव्हती. तो ओढता पाय मी परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखते. ती गोदूमावशी होती. जुन्या गल्लीतली आमची शेजारीण, भिंतीला भिंत. अकरा वर्षं आई आणि ती एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

ऑफिसात जाऊन मी ११२ ची नोंद काढली. तिच्या घरापासून दूध केंद्र एकशे नव्वद पावलांवर. ती रोज साडेसहाशे पावलं चालत होती, अख्ख्या वसाहतीला वळसा घालून, आमच्या दारावरून. यंत्रानं पुढं लिहिलं होतं, जादा अंतराचं कारण अस्पष्ट. हा वळसा सुरू झाल्याची तारीख मी तीनदा वाचली. आईला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

आता मला जे सांगायचंय ते मी नऊ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गल्लीत शेजारी वाटीभर भाजी दिली तर ती वाटी रिकामी परत जात नाही. साखर, लिंबू, निदान कढीपत्त्याच्या चार काड्या, काहीतरी घालूनच ती जाते. पण दुःखाच्या घरची रीत उलटी. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, आणि ती भांडी रिकामीच परत जातात. तीही सुतक फिटल्यावर, त्या घरच्या बाईनं स्वतः नेऊन द्यायची. रिकामं भांडं दिलं म्हणजे आमचं दुःख आमच्यापाशी राहिलं, तुमच्या घरी आलं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा गोदूमावशीनं दहा दिवस पितळी डब्यातून पिठलं-भात आणला. मी पुण्याहून आलेली, तिशीतली, चार पुस्तकं शिकलेली. मला पहिली रीत ठाऊक होती, दुसरी नव्हती. अकराव्या दिवशी घर आवरताना तो डबा दिसला. इतकं केलं बिचारीनं, रिकामा कसा द्यायचा, म्हणून मी तो साखरेनं भरला आणि मावशीच्या उंबऱ्यावर ठेवून आले. मी शहाणी. तेरावा न झालेल्या, सुतक न फिटलेल्या घरातून भरलेलं भांडं, आणि त्यात साखर. आनंदाची बातमी असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी डबा आमच्या दारात रिकामा, पालथा पडलेला आईला सापडला. त्यात साखर होती हे तिला माहीतच नव्हतं. तिला एवढंच दिसलं की नवरा गेलेल्या बाईच्या दारात शेजारणीनं भांडं पालथं घातलं. तिनं विचारलं नाही. मावशीनं सांगितलं नाही. आठ महिन्यांनी मावशीचे यजमान, बापूकाका, झोपेतच गेले. आई भेटायला गेली तेव्हा मावशीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव घेतलं नाही. डबा मात्र आईनं टाकला नाही. चारही पुरांत घरातलं काय काय वाहून गेलं, पण तो तिनं दर वेळी आधी माळ्यावर चढवला, आणि दर दिवाळीला चिंच लावून घासला.

दुसरी रीत मला दोन वर्षांनी कळली, मैत्रिणीच्या घरी, तिचे वडील गेले तेव्हा. त्या क्षणी सगळं लख्ख समजलं. आणि मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं. आई माझ्यावर रागावेल याची भीती नव्हती. मावशीसारखंच तीही माझ्यापासून भिंतीकडं तोंड फिरवेल, याची होती.

पुढच्या अहवालात यंत्रानं प्रस्ताव दिला. क्रमांक ११२ चा मार्ग दर आठवड्याला थोडा लांब नेला तर क्रमांक ३०७ मागोमाग जाण्याची शक्यता एकाहत्तर टक्के. साधन, दूध केंद्र उत्तरेला सरकवणे. म्हणजे यंत्रानं गोदूमावशीला भजीच्या गाड्याच्या रांगेत बसवलं होतं. मला ते खटकायला हवं होतं. मला हायसं वाटलं. मी जे मोडलं ते, मला तोंड उघडायला न लावता, यंत्र जोडणार होतं. मी 'मंजूर' दाबलं.

जमलंही. दूध केंद्र हललं तशी मावशी फाटकावरून न जाता गल्लीच्या पलीकडच्या तोंडावरून जायला लागली. ते गॅलरीतून दिसत नाही, फाटकातून दिसतं. मंगळवारी आई फाटकापर्यंत आली. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. सव्वीस पावलं, मग अठ्ठावन्न, मग नव्वद. विचारलं तर म्हणायची, ऊन खायला गेले होते. डॉक्टर सरोदे खूश झाले. नेर्लेकर साहेबांनी हा आलेख पुण्याच्या परिषदेत दाखवायचं ठरवलं आणि रसाच्या गाडीबद्दल मला माफ केलं. मी पण आलेख बघून हुरळले. आईच्या ओढीचा आकडा एकतीस झाला होता.

चौथ्या आठवड्यात ११२ यायचं थांबलं.

चूक कुठं झाली ते मला तासाभरात दिसलं. यंत्राला वाटत होतं मावशी दुधासाठी येते. दुधाची ओढ मोजून त्यानं केंद्र लांब नेलं, पण तिचा वळसा धरून ती आता हजाराच्या वर पावलं चालत होती, त्या ओढत्या पायानं. चार दिवस तिची बाहेर एकही नोंद नव्हती. दूध घरपोच सुरू झालं होतं.

मी नेर्लेकर साहेबांना म्हटलं, केंद्र मागं घेऊ या. ते म्हणाले, एका माणसासाठी दोनशे जणांची पावलं कमी करायची का? आकडे त्यांच्या बाजूचे होते. मी निमूट घरी आले.

आई सोमवारी बाकावर जाऊन बसली आणि अर्ध्या तासानं परत आली. मंगळवारी पाऊण तास. बुधवारी, गुरुवारीही. शुक्रवारी ती उठलीच नाही. मी चहा घेऊन गेले तर छताकडं बघत म्हणाली, "गेली असंल म्हातारी."

"कोण?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"कुणी न्हाई."

"गोदूमावशी बरी आहे, आई. पाय दुखावलाय फक्त."

आईनं मान वळवली. अकरा वर्षांत हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. "तुला काय ठाऊक?"

मग मी सांगितलं. आधी यंत्राचं, कारण ते सोपं होतं. दूध केंद्र का हललं, मावशी का येत नाही. आई ऐकत होती. मध्येच मला थांबवून तिनं विचारलं, "ती माझ्यासाठनं वळसा घालत हुती?" मी हो म्हटलं. तारीखही सांगितली. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला तिथंच थांबावंसं वाटलं. इतकंही पुरलं असतं कदाचित. पण आता थांबले असते तर पुन्हा नऊ वर्षं गेली असती.

"आई, डब्यात साखर मी भरली होती," मी म्हटलं.

कुठला डबा, असं तिनं विचारलं नाही. मी सगळं सांगेपर्यंत चहावर साय धरली. तिनं एकच विचारलं, तुला कधी कळलं? नऊ वर्षांपूर्वी, मी म्हटलं. तेव्हा ती हळूहळू, खुब्याला सांभाळत, कुशीवर वळली. भिंतीकडं.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. जेवण ठेवलं, ती जेवली. औषध दिलं, घेतलं. मी आयुष्यात बरीच भांडणं केलीत, पण त्या दिवसाएवढी एकटी मी कधी नव्हते.

शनिवारी सकाळी मी उठले तर आई पलंगावर बसलेली होती, वेणी घालून, धुवट पातळ नेसून.

"डबा काढ," ती म्हणाली.

मी माळ्यावरून डबा काढला. तिनं तो आतून पदरानं पुसला, उघडून उजेडाकडं धरला, बोट फिरवून बघितलं. एक कणही आत नव्हता. मग झाकण लावून तो वॉकरच्या पिशवीत ठेवला. मी चपला घालायला लागले तशी म्हणाली, "तू यायचं न्हाईस. ज्या घरचं दुःख, त्या घरच्या बाईनं न्यायचं असतंय. तेवढं तरी आता रीतीनं हुंदे."

आमच्या दारापासून गोदूमावशीचं दार चारशे बारा पावलं आहे. आई आजवर नव्वद चालली होती.

मी धावत ऑफिस गाठलं. शनिवार, ऑफिसात कुणी नाही. पडद्यावर ३०७ चा ठिपका फाटकाबाहेर आला होता. वसाहतीत चाकांवरचे अकरा बाक आहेत. रविवारखेरीज काही हलवायचं नाही हा नियम मीच लिहिलेला. मी तो मोडला आणि पडद्यावर बोट फिरवून अकराच्या अकरा बाक त्या वाटेवर ओढले, पहिला आमच्या फाटकाशी, मग चाळीस चाळीस पावलांवर एक. एका बाकावर दोन आजोबा पेपर वाचत बसले होते, ते बाकासकट निघाले. त्यांच्या तक्रारीचं पत्र अजून माझ्या टेबलावर आहे. सावलीची सरकती छतंही तिकडंच वळवली. इतके दिवस मी वस्तू माणसांपासून लांब नेत होते. आज त्या तिच्या पायांपाशी आणत होते.

ठिपका चालत होता. चाळीस पावलं, थांबा. ती बसली. तीन मिनिटांनी उठली. ऐंशी. एकशे वीस. दोनशेला ती बराच वेळ बसली, उजवा पाय फार हलका पडत होता, म्हणजे दुखत होता. मी उठून धावायच्या बेतात होते तेवढ्यात ती पुन्हा उभी राहिली. तीनशे साठला पावलं अगदी छोटी झाली. शेवटच्या बाकावर ती बसलीच नाही.

ठिपका मावशीच्या फाटकाशी थांबला आणि जागचा हलेना. एक मिनिट, दोन, पाच. उभ्या माणसाचं वजन फरशीवर कसं हेलकावतं ते मला दिसत होतं. मग घराच्या आतल्या अंगानं, गॅलरीच्या फरशीवर, दुसरी चाल उमटली. एक पाऊल नीट, एक ओढत.

पुढचं मला मावशीनं नंतर सांगितलं, आणि आईनं ते दुरुस्त केलं, तेव्हा दोघींचं मिळून खरं मानायला हरकत नाही. मावशी दारात आली. आई वॉकरला धरून उभी, घामानं निथळत. आईनं पिशवीतून डबा काढून पुढं केला. मावशीनं हात पुढं केला नाही.

"रिकामा हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"रिकामाच हाय," आई म्हणाली. "तवा पोरीनं भरला. तिला ठावं नव्हतं, आन् मला कळलं न्हाई. काल कळलं."

मावशीनं डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं, आणि मग दारातच बसून रडली. बापूकाका गेले तेव्हासुद्धा ती रडली नव्हती असं गल्ली सांगते. "अकरा वर्सं, रत्ना," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर?"

"तू तरी कुठं सांगितलंस," आई म्हणाली.

मी पडद्यावर एवढंच बघितलं की दोन ठिपके एकाच फरशीवर आले आणि तासभर तिथंच राहिले. परत येताना आई रिक्षानं आली.

रविवारी डबा आमच्याकडं आला. मावशीनं पाठवला नव्हता, स्वतः आणला होता, अकरा बाकांवर अकरा वेळा बसत. आत गरम थालीपीठं होती. दुःखाचं भांडं फिटलं होतं, आता पहिली रीत लागू होती, म्हणजे डबा रिकामा परत जाणं शक्य नव्हतं. सोमवारी तो शेंगाची चटणी घेऊन गेला. बुधवारी गवारीची भाजी घेऊन आला. शुक्रवारी आईनं त्यातून लिंबाचं लोणचं नेलं आणि वाटेत फक्त चार वेळा बसली. हा उद्योग अजून चालू आहे आणि तो संपण्याचं काही कारण दिसत नाही, कारण आधी थांबायचं कुणी?

नेर्लेकर साहेबांसमोर मी बाक हलवल्याची कबुली दिली. त्यांनी मला खरमरीत मेमो दिला, आणि महिनाभरानं नवे आकडे बघून बाक तिथंच ठेवायला परवानगी दिली. यंत्रात मी एक नियम घालून घेतला, ओढ माणसाची असेल तर काहीही लांब न्यायचं नाही. साहेबांनी त्यावर बरीच चर्चा केली, पण सही केली. त्यांची आई साताऱ्याला एकटी असते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अहवाल आला. क्रमांक ३०७, ओढ अठ्ठ्याण्णव. संबंधित वस्तू, अंदाजे सहाशे ग्रॅम वजनाची, क्रमांक ११२ च्या घराशी ये-जा करणारी, स्वरूप अज्ञात. खाली यंत्रानं मोठ्या गांभीर्यानं प्रस्ताव ठेवला होता की दोन घरांमधलं अंतर वाढवता येईल का. मी 'नामंजूर' दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी ऑफिसात एकटी हसले.

पण घरी आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मीठ दे, पंखा लाव, एवढं. मावशीशी मी जाऊन बोलले होते, तिच्या पाया पडले होते. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण लगेच आत वळली. मी समजून होते. नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसानं महिनाभर गप्प घरात राहायला कुरकुर करू नये.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फराळाचं ताट लावत होते. बाहेर ओळखीची चाल ऐकू आली, काठी टेकत, न थांबता. वॉकर सुटला होता. आई आत आली आणि तिनं चिंचेनं घासलेला, लखलखणारा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो नेहमीप्रमाणं स्वयंपाकघरात न्यायला उचलला तर जड लागला.

"ह्यो आज घरासाठनं न्हाई," आई म्हणाली. "गोदूनं तुझं नाव सांगून दिलाय. तिनं अर्धा भरला, मी तितं बसून अर्धा भरला. उघड."

मी झाकण काढलं. डबा काठोकाठ साखरेनं भरलेला होता.

आई ताटापाशी बसली आणि काठी बाजूला ठेवून म्हणाली, "खा चिमूटभर. आन् मग मला सांग, वैजू, चकली का अशी मऊ झालीया तुझी."